मयताचं रिटर्न

४ जुलै २०२५, शुक्रवार

वकीलबाईंनी विचारलं, "रणजीतराव इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत होते का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

विजयश्री मॅडम त्यांचं नाव. पिंपरी कोर्टाजवळ पहिल्या मजल्यावर ऑफिस, खाली झेरॉक्सवाला. पहिल्यांदाच गेले. हे जाऊन आज शहाऐंशी दिवस झाले. तळेगाव-चाकण रस्ता, कंटेनर, मागून धडक. स्कूटरवर पायाशी एसीत भरायच्या गॅसची टाकी होती, तिला ओरखडासुद्धा नाही. पोलिसांनी ती मला परत दिली, सही घेऊन. यांचा मोबाइल मात्र चपटा झाला.

नुकसानभरपाईचा दावा टाकायचा तर माणूस किती कमवत होता हे दाखवावं लागतं. मॅडम म्हणाल्या, "नोकरीवाल्याची पगाराची स्लिप असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याचं रिटर्न. तेही नसेल तर कोर्ट अंदाज धरतं."

"किती धरतं?"

"बिगारी माणसाइतकं. महिना दहा-बारा हजार धरलं तरी नशीब."

वीस वर्षं लोकांचे एसी, फ्रीज, वॉशिंग मशीन दुरुस्त केले. बिगारी!

मग म्हणाल्या, जाण्याआधी भरलेलं एखादं जरी रिटर्न असतं तर गोष्ट वेगळी होती. आता एकच हातात आहे — मार्चला संपलेल्या वर्षाचं. त्या वर्षात हे पूर्ण जिवंत होते. मुदत पंधरा सप्टेंबर.

मी म्हटलं, आमचं कसलं हो उत्पन्न, आम्हाला लागतं का भरायला? तर तीन लाखांच्या वर गेलं की भरायलाच लागतं म्हणे. टॅक्स शून्य आला तरी.

"माणूस वारला असला तरी?"

"त्यांच्या वतीने तुम्ही. वारस म्हणून."

घरी येऊन निशिगंधाला सांगितलं. ती बारावीला आहे, असल्या गोष्टी तिलाच कळतात. ती म्हणाली, "मम्मी, पप्पा तर कुणाला बिलसुद्धा द्यायचे नाहीत." सासूबाई म्हणाल्या, "सरकारला आता त्याच्याकडून काय पायजे?" मी म्हटलं, माहिती. त्या म्हणाल्या, "मग द्या."


११ जुलै, शुक्रवार

धनेश नावाचा माणूस आला. क्लेम सल्लागार. अपघात झालेल्या घरांची यादी त्याला कुठून मिळते देव जाणे. चांगला बोलतो. पाणी मागितलं, चहा नको म्हणाला. मिळेल त्याच्या पंचवीस टक्के घेतो.

मी रिटर्नचं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, एकदम सोपं आहे. दादांचं सिम काढा नवीन. ओटीपी येईल. दादा हयात असल्यासारखंच भरून टाकू. वारस-बिरस भानगडच नको."

"आणि आकडा?"

"सात लाखांपर्यंत टॅक्स शून्य आहे. मग सात का नको?"

सात हा आकडा तो गेल्यावरही घरात बसून राहिला.


१४ जुलै, सोमवार

मोबाइलच्या दुकानात गेले, चिंचवड स्टेशनसमोर. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "ग्राहकाला स्वतः यावं लागेल."

"ते वारलेत."

"हो, पण सिम त्यांच्या नावावर आहे ना मॅडम. अंगठा लागतो."

मी मृत्यूचा दाखला काउंटरवर ठेवला. मग तिला समजलं. लाजली बिचारी. आत विचारून आली. प्रीपेड नंबर, तीन महिने रिचार्ज नाही, बंद झालाय. परत मिळणार नाही.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. पूर्ण ग्लास.

म्हणजे यांना जिवंत दाखवायचं राहिलंच. बरं झालं. मला ते जमलं नसतं असं वाटतं. नक्की माहीत नाही.


२२ जुलै, मंगळवार

वारस दाखल्याची रांग. माझा नंबर एकेचाळीस.

खिडकीतल्या साहेबांनी मृत्यूचा दाखला बघितला, पॅनकार्ड बघितलं, परत दाखला बघितला. दाखल्यावर आहे रणजित. पॅनवर आहे रणजीत. इंग्रजीतही एका अक्षराचा फरक.

"हा वेगळा माणूस आहे."

"एकच आहे हो."

"कागदावर दोन आहेत."

म्हणजे ह्रस्व रणजित वारला. दीर्घ रणजीत अजून आहे. मी विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, प्रतिज्ञापत्र करा, दाखला दुरुस्त करून आणा, मग या. वाईट नव्हता माणूस. "लंच झाला तरी थांबा, तुमचं आधी घेतो," म्हणाला. पण घेण्यासारखं काही नव्हतंच माझ्याकडे.


३ ऑगस्ट, रविवार

बँकेचं स्टेटमेंट मिळालं. नॉमिनी मीच, म्हणून दिलं. अठ्ठावीस पानं.

निशिगंधा आणि मी जेवणं झाल्यावर जमिनीवर पसरून बसलो. प्रत्येक ओळ एक घर. साडेतीनशे. आठशे. बाराशे. नावं अर्धीच छापलेली — 'सुवर्णा ज', 'किरण एन्ट'. ती वाचायची, मी वहीत लिहायचे. एका ठिकाणी सात हजार दोनशे आले, ती म्हणाली, "हा कॉम्प्रेसर." कसं कळलं? "त्या दिवशी पप्पांनी पिझ्झा आणलेला."

ऑनलाइन आलेले सगळे मिळून चार लाख एकवीस हजार आणि वर काही. पण रोख किती मिळाले ते कुणालाच माहीत नाही. हे रोख आणून माझ्या हातात द्यायचे, मी डब्यात ठेवायचे, डब्यातून किराणा. मी कधी लिहिलं नाही. मी तरी कुठे लिहायला बसणार होते!

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "ज्यांनी रोख दिलेत त्यांना भेटा. त्यांच्याकडे काहीतरी असेल." मी म्हटलं, कोण ठेवतं हो? त्या म्हणाल्या, "भेटा तर."


१० ऑगस्ट, रविवार

ताथवड्याला गेले, अंबुबाईंकडे. मूळच्या तिथल्याच. शेतावर आता पाच मजली इमारत, अकरा खोल्या कॉलेजच्या पोरांना भाड्याने दिलेल्या, आणि खाली स्वतः शेणाने सारवलेल्या अंगणात बसतात. यांचं तिथे दर आठवड्याला काही ना काही असायचं.

मी नाव सांगितलं. त्या उठल्याच. "तू त्याची कारभारीण व्हय? ये, ये. आमाला कळलंच न्हाई गं! चार म्हैने झालं, आमी म्हनतोय हा पोरगा फोन का उचलंना."

सांगितलं सगळं. त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी नाही लावला, मला कागद हवे होते.

"मावशी, तुम्ही यांना रोख द्यायचा. किती दिले असतील वर्षात?"

"थांब." आत गेल्या. भिंतीवरची दोन कॅलेंडरं घेऊन आल्या, मागच्या वर्षाचं आणि या वर्षाचं. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर, नातवाचा ताप, सगळं चौकोनात लिहिलेलं. आणि मधे मधे, 'एशीवाला ८००'. 'एशीवाला ४५०'. 'एशीवाला न्हाई आला'.

मी अंगणातच बसून उतरवून घेतलं. बावन्न नोंदी.

"मागं एकदा फ्रीजचं त्यानं पैसं घेतलं न्हाई. तेबी लिव्हलंय बघ," त्या म्हणाल्या. बघितलं. १९ ऑक्टोबरच्या चौकोनात, 'एशीवाला फुकट'.

निघताना त्या म्हणाल्या, "कोर्टात यायचं असंल तर सांग. मला लिव्हता येतं, बोलता तर लईच येतं." कॅलेंडरं बरोबर दिली. परत आणून दे म्हणाल्या, यंदाच्यावर पुढचे खाडे लिहायचेत.


११ ऑगस्ट, सोमवार

फुकट!


१९ ऑगस्ट, मंगळवार

आठवडाभर फॉल-पिको करून दुपारी घरं हिंडतेय. थेरगाव, वाल्हेकरवाडी, केशवनगर. काही लोक दारातूनच, "आम्ही तर ऑनलाइन दिले होते." काहींनी पाणी दिलं. एकीने आतून मशीनची वॉरंटी आणून दाखवली, हिचं आता कोण बघणार म्हणून. एका सोसायटीच्या ऑफिसात व्हाउचरं निघाली, यांच्या सहीची, अकरा. सही बघायची सवय नव्हती मला. मोठी करायचे. शेवटी एक रेघ.

आणि फुकटची घरं निघाली. एकूण नऊ! एका आजोबांच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन असतं, त्यांच्याकडून कधीच घेतले नाहीत. एका पाळणाघराचा कूलर. एक पोरगा, कंपनीतून काढलेला, "भावा, पगार झाल्यावर दे" म्हणाले म्हणे. त्याला पगार झाला की नाही ते यांनी परत विचारलंच नाही.

लोक हे मला कौतुकाने सांगतात. मी मान हलवते. माझ्या मिक्सरच्या भांड्याचं झाकण दोन वर्षं रबराविना आहे, वर ताट दाबून धरते. मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाची मी बायको.

घरी येऊन भांडावंसं वाटलं. कुणाशी?


२७ ऑगस्ट, बुधवार

यंदा गणपती नाही बसवला. शेजारून प्रसाद आला.


३० ऑगस्ट, शनिवार

बेरीज झाली. निशिगंधाने तीन वेळा केली, मी दोन वेळा.

आले ५,८४,३००. स्पेअर पार्ट, गॅस, तांब्याची नळी, पेट्रोल यात गेले २,१२,८००. पिंपरीतल्या स्पेअर पार्टवाल्याने वर्षभराची खरेदी छापून दिली. म्हणजे राहिले ३,७१,५००.

तीन लाखांच्या वर आहे म्हणून भरायलाच पाहिजे. सातच्या आत आहे म्हणून टॅक्स काही नाही. महिन्याचे तीस हजार नऊशे साठ होतात. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आहे. मला वाटायचं आम्ही गरीब आहोत. आहोतच, पण थोडे कमी.

नेमका धनेश आला. वही बघितली, हसला. "वहिनी, हे तुम्ही फार मनावर घेतलंत. कॅलेंडर! अहो, सात लिहा. खर्च एक रुपया नाही, आणि भरपाई जवळजवळ दुप्पट. मुलीच्या इंजिनीअरिंगचा विचार करा."

निशिगंधा वही बंद करून आत गेली.

सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. धाराशिवकडच्या त्या. एरवी पाहुण्यासमोर बोलत नाहीत. म्हणाल्या, "लिही की सात."

"आई, तेवढं नव्हतं."

"तुला काय ठावं? माझा लेक सातचाच व्हता. तू त्याची किंमत कमी कशाला करतीस?"

धनेशला बरं वाटलं. म्हणाला, "आजी बरोबर बोलतायत." मी त्याला म्हटलं, तुम्ही जा आता. तो गेला, कार्ड ठेवून. एक कार्ड आधीही ठेवलेलं आहे.

सासूबाई जेवल्या नाहीत. मी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. त्यांच्यासमोर मी काय मांडणार, वजाबाकी?


१ सप्टेंबर, सोमवार

मॅडमना सरळ विचारलं, सात लिहिलं तर काय होईल?

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तनुजाताई, इन्शुरन्सचा वकील तुम्हाला पिंजऱ्यात पहिला प्रश्न विचारेल, त्याच्या आदल्या वर्षी किती होतं? मग बँकेचं स्टेटमेंट काढेल. तुम्ही खोट्या ठरलात की रणजीतरावांचं सगळंच खोटं. मग परत बिगारी."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तरी तो म्हणेल की हे नवरा गेल्यावर भरपाईसाठी तयार केलंय. कोर्टाला पटेलच असं मी सांगत नाही. कॅलेंडर आहे, स्टेटमेंट आहे, आपण झगडू."

म्हणजे खोटं लिहिलं तर बिगारी आणि खरं लिहिलं तरी बिगारी होऊ शकतो. मी फी विचारली. त्या म्हणाल्या, नंतर बघू. मला 'नंतर बघू' म्हणणारी माणसं आता नकोशी झालीत, पण त्यांना तसं म्हणाले नाही.


४ सप्टेंबर, गुरुवार

दुरुस्त दाखला मिळाला. वारस दाखलाही. दोन्हीकडे 'जी' दीर्घ. आता हे सगळीकडे वारले.

निशिगंधाने तिच्या मोबाइलवर आधी माझं खातं काढलं. माझ्याकडे पॅनकार्ड आहे हेच मला आठवत नव्हतं, बँकेच्या फाइलमध्ये निघालं. मग त्यातून वारसाची विनंती टाकली. एक जागा आहे तिथे कारण निवडायचं. 'मयत' वर बोट ठेवायला तिने मोबाइल माझ्याकडे दिला. मी ठेवलं. पुढचं पान उघडलं.

मंजूर व्हायला सात दिवस लागू शकतात. मुदतीला अकरा आहेत.


९ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाई अजून धड बोलत नाहीत. भाकरी थापतात, वाढतात, उठतात.

दुपारी घरात कुणी नव्हतं. कोऱ्या कागदावर लिहून बघितलं — रणजीत, वय ४४, उत्पन्न ७,००,०००. चांगलं दिसत होतं. त्याच्याकडे बघत बसले. हा माणूस महिन्याला अठ्ठावन्न हजार घरी आणतो. याच्या बायकोचा मिक्सर ठीक असणार. पोरगी क्लासला जाते, युट्यूबवर शिकत नाही. हा आजोबांच्या इन्सुलिनचे पैसे घेतो. घेतो म्हणूनच सात होतात.

मी याच्याशी लग्न केलेलं नाही.

पण पोरीची फी हाच भरू शकला असता. तेही खरं आहे. कागद फाडला नाही, घडी घालून डब्याखाली ठेवला. दहा मिनिटांनी काढून फाडला. मग रडले. चांगला अर्धा तास. मग पिकोच्या तीन साड्या द्यायच्या होत्या, त्या दिल्या.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, "आई, मी तीन एकाहत्तर लिहिणार आहे."

त्या म्हणाल्या, "लिही. तुझा नवरा हाय." लसूण सोलत राहिल्या.


११ सप्टेंबर, गुरुवार

मंजूर झालं. मेसेज आला: आपण मयत रणजीत यांचे वारस म्हणून नोंदले गेले आहात. म्हणजे आता यांच्या नावाचं पान आम्हाला पहिल्यांदाच उघडता येईल. उद्या सकाळी निशिगंधा कॉलेजला जायच्या आधी भरायचं ठरलं.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

पान उघडलं. आम्ही कोरं असेल म्हणून बसलो होतो. पहिल्याच पानावर 'यापूर्वी भरलेली रिटर्न' असं आहे, आणि खाली तीन ओळी. २०२२, २०२३, २०२४. तिन्ही जुलैतली, मुदतीच्या आत. २,८६,४००. ३,१८,०००. ३,४९,२००. हे स्वतः भरत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

मॅडमना फोन केला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ताई, कशालाही हात लावू नका. आधी तिन्हीची प्रिंट काढा."

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्यानं सोता लिवलंय?"

"हो."

"किती?"

सांगितलं. त्या बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिल्या. वाचता येत नाही त्यांना.

"मग तेवढंच व्हतं," म्हणाल्या.